तुम्ही याला काय म्हणता?

मंदाताई गेली हे मला तिच्या भावाच्या फोनवरून कळलं, आणि तेही बातमी म्हणून नाही, काम म्हणून. सकाळचे साडेसात वाजले असतील. दशरथभाऊ म्हणाले, "सुहासराव, ताई गेली पहाटं. तिच्या कंप्युटरचा पासवर्ड तुम्हाला ठावं हाय का? पेपरात द्यायला फोटू पाहिजे व्हता, घरात एक बी धड सापडंना." मी पासवर्ड सांगितला. ते त्यांच्याच मळ्यातल्या विहिरीचं नाव होतं. भाऊ म्हणाले, "इंग्रजीत कसं लिवायचं ते सांगा."

भाऊंना ते जमणार नाही हे ओळखून मीच पंचवटीत तिच्या घरी गेलो. निवृत्त होताना तिनं कॉलेजच्या निर्लेखनात निघालेला आपला जुना कंप्युटर आणि तसाच मोडीत काढलेला मायक्रोस्कोप घरी आणला होता आणि दोन्ही स्वयंपाकघरात, ओट्यासमोरच्या खिडकीशी मांडले होते, कारण घरातला चांगला उजेड तेवढ्याच खिडकीतून येतो. बाहेरच्या खोलीत बायका बसल्या होत्या, आत मी माउस घेऊन फोटो शोधत होतो. कांद्याच्या पातीचे, द्राक्षाच्या पानांचे, बुरशीचे, किड्यांच्या पायांचे हजारो फोटो निघाले. ताईचा एकही निघाला नाही. शेवटी कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, वीसेक वर्षांपूर्वीचा फोटो पेपरात गेला. त्यात ती रागावल्यासारखी दिसते. ती तशी नव्हती… म्हणजे रागवायची, पण फोटो काढणाऱ्यावर नाही.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की मंदाताईंच्या आयुष्यभराच्या कामावर एकदा पाणी फिरणार होतं, पण आपल्या सुहासरावांनी ते वाचवलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला. ते खरं नाही. ताईच्या नावावर एक चूक लागली आणि ती तिनं मरेपर्यंत आपली मानली. ती चूक तिची नव्हती, माझी होती. तिच्याविषयी लिहायला मी बसलो ते एवढ्यासाठीच, आणि तरी पहिले दोन खर्डे मी नुसत्या आठवणींनी भरून फाडून टाकले, कारण आठवणी लिहिणं सोपं जातं.

आमची ओळख प्रिंटरमुळे झाली. मी कॉलेजच्या संगणक विभागात लागलो त्याला अठरा वर्षं झाली. ताई वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होती. मला पहिल्यापासून घाई फार. मी प्रिंटरची वायर काढून घालून निघालोच होतो, तर तिनं हाताला धरून मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाली, आलाच आहेस तर बघून जा. मला नळीत नुसत्या काळ्या काड्या हलताना दिसल्या. मी म्हटलं, किडे आहेत का हो मॅडम? ती म्हणाली, "डोळा थोडा मागं घे. त्या तुझ्या पापण्या आहेत. घाईनं बघणाऱ्याला आधी त्याच दिसतात." मग मी डोळा मागे घेतला आणि खाली हिरव्या विटांच्या भिंतीसारखी कांद्याची पात दिसली. त्या दिवशी माझी तीन कामं राहिली. पहिलं वर्षभर मी तिला "मॅडम, तुम्ही" म्हणत होतो. तिनंच ते मोडून काढलं आणि "ताई, तू" वर आणलं.

ती फूलमळ्यातल्या घरातली. वडील आणि नंतर भाऊ, दोघांनी झेंडू-शेवंतीवर संसार केला, आणि ही पहाटे फुलं खुडून मग शाळेत जायची. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, सवड झाली नाही. पिकाच्या पानावरचा डाग तिला लहानपणापासून माहीत होता, मायक्रोस्कोप नंतर आला. म्हणून असेल, चांदवडचे, लासलगावचे, कुठकुठले शेतकरी कॉलेजात यायचे ते विभागातल्या पदवीवाल्या सरांना सोडून थेट हिच्या टेबलापाशी. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत पात घालून आणली की ती डाफरायची, अरे, ती घामेजून सडते ना, पेपरात गुंडाळून आण. मग पात काचेवर ठेवण्याआधी, काही न बघता, एकच प्रश्न विचारायची, "तुम्ही याला काय म्हणता?"

लोक गोंधळायचे. चांदवडकडचे सोमनाथआबा पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथेच होतो. आबा वैतागून म्हणाले, "ताई, मला नाव ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" ती म्हणाली, "पुस्तकातलं नाव मी सांगीन. तुम्ही घरी काकूंना काय सांगितलं ते सांगा." आबा जरा लाजले आणि म्हणाले, "म्हणलं, पात रुसलीय." ताईनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. पुस्तकात 'करपा' हा एक शब्द असतो आणि लोक सात घेऊन येतात, असं ती म्हणायची. कोणी म्हणे शेंड्याला चटका बसला, कोणी म्हणे पातीला मुंग्या आल्या, कोणी म्हणे पात दमली. विभागप्रमुखांना ही गंमत वाटायची. पण काही वर्षांनी तिच्या लक्षात आलं की ज्यांनी चटका म्हटलं होतं त्यांच्या पातीत बहुतेक वेळा बुरशी निघते आणि ज्यांनी मुंग्या म्हटलं होतं त्यांच्या पातीत फुलकिडे. डाग उघड दिसायच्या आधी. म्हणजे रोज पिकात वावरणाऱ्या माणसाच्या तोंडात रोगाची खूण आधी येते आणि डोळ्याला मागाहून दिसते. एवढं नीट मांडून दाखवायचं आणि शेतकऱ्यांसाठी त्याची एक पुस्तिका करायची, प्रत्येक फोटोखाली त्या त्या माणसाचा शब्द घालून, हे तिचं काम होतं. कोणी सांगितलेलं नव्हतं.

सुरुवातीला ती फोटोंना इंग्रजी अक्षरांत नावं द्यायची आणि चिडायची, कारण "chataka" वाचताना चटका की चाटका हे कळत नाही. मी एका दुपारी तिच्या कंप्युटरवर मराठी टायपिंग घालून दिलं. चार दिवसांत ती माझ्याहून भरभर लिहायला लागली. 'पातीला मुंग्या आल्या, हौसाबाई, चांदवड, स्वाती' असं एका फोटोचं नाव मला आठवतं. स्वाती म्हणजे नक्षत्र. तारीख विचारली की लोक चुकतात, नक्षत्र सांगताना चुकत नाहीत, असं तिचं म्हणणं. काचेवर ती फक्त आकडा टाकायची, वहीत फक्त फोन नंबर. माणसाचा शब्द होता तो फोटोच्या नावात, आणि तेवढ्याच एका जागी. हे सगळं मायक्रोस्कोपला जोडलेल्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एका मोठ्या फाइलीत साठायचं. रजिस्टर समजा, एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला नावांची यादी. त्याची जादा प्रत दर हंगामात काढून ठेवणं माझ्याकडे होतं. ती चूक झाली त्या वर्षी पोळ, म्हणजे पावसाळी, कांदा निघाला तेव्हा मी काढली नाही, त्यामागचा रांगडा कांदा निघाला तेव्हाही काढली नाही. दोन्ही वेळा मला दुसरं काहीतरी महत्त्वाचं होतं, आता ते काय होतं ते आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. मी तिच्या टेबलाशी बसून नवा माउस जोडून देत होतो आणि ती शेजारी उभी राहून एका फोटोचं नाव टाइप करत होती. अर्ध्या शब्दावर सगळं गोठलं. घड्याळाचं चिन्ह गोल फिरत राहिलं. ताई म्हणाली, "थांबू दे थोडं, येईल." आणि काचा धुवायला बेसिनकडे गेली. मला परीक्षा विभागात बोलावलं होतं, तिकडून दोनदा फोन येऊन गेला होता. मी ते सॉफ्टवेअर जबरदस्तीनं बंद केलं आणि पुन्हा उघडलं. पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत दोन ओळी होत्या आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही. माझ्या पेशातली माणसं असल्या चौकटी वाचत नाहीत, हे मी आज कबूल करतो. हात आपोआप जातो. मी 'नाही' दाबलं.

यादी उघडली ती कोरी. आधी मला वाटलं, भरायला वेळ लागतोय. मग खालच्या कोपऱ्यात 'जतन झाले' असं आलं, म्हणजे सॉफ्टवेअरनं ती कोरी यादी जुन्या यादीवर लिहून टाकली होती आणि यादीबरोबर चित्रंही पुसली होती. मागे नळ चालू होता. ताईनं काहीच पाहिलं नव्हतं. मी घाईघाईनं सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं पाच-सहा प्रश्न विचारले, त्यातला एक असा की फाइलींची नावं इंग्रजीतच आहेत ना? बाकीचे प्रश्न मी विसरलो. एवढा एक मी बुडत्यानं धरावा तसा धरला. ताई पदराला हात पुसत आली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुठं गेलं रे सगळं?" मी म्हटलं, "ताई, तू नावं मराठीत टाकत होतीस ना, ते त्या सॉफ्टवेअरला झेपलं नाही बहुतेक. कंपनीवालाही तेच विचारत होता." ती खुर्चीवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळंच गेलं."

त्यावर मी काही बोललो नाही. 'बहुतेक' हा शब्द मी घातला होता आणि पुढे कित्येक महिने मी स्वतःला तो शब्द दाखवत राहिलो. मी खोटं बोललो नाही, मी बहुतेक म्हटलं होतं. शिवाय ती नावं मराठीत टाकायला मीच शिकवलं होतं, तेव्हा दोष शेवटी माझ्याकडेच येतो, असाही एक हिशेब मी मनात मांडून ठेवला होता. पण तो मोठ्यानं बोलायची वेळ आली की ताईच म्हणायची, तू शिकवलंस ते चांगल्यासाठी, मला अक्कल नको का.

पुढचे नऊ दिवस मी जीव तोडून काम केलं, हे मात्र खरं. त्या डिस्कला पुन्हा हात लागू दिला नाही. तिची अक्षरशः कणाकणानं नक्कल काढली आणि त्या नकलेत पुसलेल्या चित्रांचे अवशेष शोधत बसलो. फाइल पुसली म्हणजे तिचं पानावरचं नाव जातं, मजकूर काही काळ जागेवर असतो, म्हणून हे जमतं. चित्रं एकेक वर येऊ लागली. काही अर्धी होती, खालचा भाग राखाडी. बहुतेक सगळी पूर्ण होती. ताई रोज दुपारी मेथीची भाजी आणि भाकरी घेऊन येऊन माझ्या शेजारी बसायची आणि एखादं चित्र उमटलं की नुसती "हं" म्हणायची, ओळखीचं कोणी भेटल्यासारखी. जुन्या जादा प्रतीत नसलेली, त्या वर्षाची साडेअकराशेच्या आसपास चित्रं परत आली. नाव एकाचंही आलं नाही. नावांची यादी होती तिथे मीच कोरी यादी लिहिली होती. चित्रांना आता नुसते आकडे होते.

तिनं मात्र सगळ्या कॉलेजभर सांगितलं की सुहासनं माझं काम वाचवलं. स्टाफच्या बैठकीत प्राचार्यांच्या हातून मला गुलाबपुष्प दिलं गेलं. गुलाब ताईनंच आणला होता, दशरथभाऊंच्या मळ्यातला, देठाला ओलं कापड गुंडाळून. टाळ्या वाजल्या. ते फूल घरी पाण्यात ठेवलं तर पाचव्या दिवसापर्यंत टवटवीत राहिलं, आणि बायको म्हणाली, असं फूल बाजारात मिळत नाही. मी ते सहाव्या दिवशी, अजून चांगलं असताना टाकून दिलं.

मग ताई नावं आठवायला बसली. तिनं त्या चित्रांचे छोटे छोटे ठसे कागदावर छापून घेतले, एका पानावर वीस, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं लिहायला जागा सोडली. जे नक्की आठवलं ते लिहिलं. जे आठवलं नाही त्यासाठी वही काढून शेतकऱ्यांना फोन लावायला लागली. मी पुष्कळदा समोर असायचो. फोनची सुरुवात ठरलेली होती. "नमस्कार, मी कॉलेजातली मंदा. माझ्याकडून एक चूक झाली. मी तुमच्या पातीचं नाव मराठीत लिहिलं होतं, त्यामुळं कंप्युटरमधून गेलं. तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं का?" पलीकडची माणसं भली होती. एकजण म्हणाला, "ताई, मागल्या साली काय बोललो ते कुठं ध्यानात ऱ्हातंय? तुम्हाला बरं वाटंल ते लिवा." ताई म्हणाली, "मला बरं वाटायचा प्रश्न नाही." आणि त्या चित्राखाली आडवी रेघ मारली. हौसाबाईंच्या घरी फोन लावला तर त्या दिवाळीतच गेल्याचं कळलं. सुदैवानं त्यांचा शब्द ताईला पाठ होता. बाकी शंका असली की ती रेघ मारायची, अंदाजानं एक शब्द लिहायची नाही. मी एकदा म्हटलं, ताई, एवढं काटेकोर कोण बघणार आहे? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चहा सांगायला गेलो.

त्या फोनच्या वेळी मी कधी वायर गुंडाळत असे, कधी कीबोर्डमधली धूळ झटकत असे. माझ्यासमोर ती पंचवीस-तीस माणसांजवळ माझ्या चुकीची माफी मागत होती आणि मी धूळ झटकत होतो. आणि एवढ्यावर भागलं नाही. त्यानंतर तिनं मराठीत नावं टाकायचं सोडून दिलं. नव्या चित्रांना KANDA_CHD_07 अशी नावं यायला लागली. मी एक-दोनदा दबकत म्हटलं की टाकून बघ मराठीत, काही होणार नाही. ती म्हणाली, "नको बाबा. एकदा पोळलं तेवढं बस." लोकांना ती तो प्रश्न विचारायची, अगदी शेवटपर्यंत विचारला, पण उत्तर आता एका छोट्या वहीत जायचं आणि वही आणि चित्र यांची गाठ पडायला उशीर व्हायचा. मग आजारपण सुरू झालं आणि ती गाठ राहूनच गेली. पुस्तिका आजतागायत निघालेली नाही.

किडन्या गेल्या होत्या. निवृत्तीनंतर वर्षभरातच डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. एका हातात सुया, म्हणून दुसऱ्या हातानं ती मांडीवरच्या कागदांवर लिहायची. तिथल्या सिस्टरांना तिनं पात आणि पापण्यांचा किस्सा सांगून ठेवला होता. शेवटची भेट तिथेच झाली. तिचा चेहरा सुजला होता, आवाज बारीक झाला होता. राहिलेल्या पानांची चळत माझ्याकडे देऊन म्हणाली, "एवढ्या रेघा राहिल्या बघ. माझ्या एका हौसेपायी." मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी…" ती म्हणाली, "कोणत्या दिवशी?" तिनं डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. शेजारच्या मशीनचा बारीक आवाज येत होता. कोणी आलं नाही, कोणी मधे बोललं नाही, फोन वाजला नाही. सांगायला मला पुरेपूर वेळ होता. मी म्हटलं, "काही नाही. बॅकअप घेतलाय, एवढंच." ती म्हणाली, "बरं केलंस." त्यानंतर अकरा दिवसांनी ती गेली.

आता त्या सकाळकडे परत येतो. फोटो सापडत नाही हे बाहेर सांगून मी परत ओट्यासमोरच्या खुर्चीत बसलो. कंप्युटर तोच, सॉफ्टवेअर तेच, त्यात कधी काही बदललेलं नव्हतं. तीन वर्षांत जी गोष्ट करायला दहा सेकंद लागले असते ती मी कधीच केली नव्हती. का केली नव्हती, याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी एक नवी फाइल उघडली, एका चित्राला 'चटका' असं नाव दिलं, जतन केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. उघडलं. मग 'पातीला मुंग्या आल्या' लिहिलं. उघडलं. मग लांबलचक वाक्यं लिहिली, जोडाक्षरं घातली, नक्षत्रं घातली, उकार-वेलांट्यांची खिचडी केली. ते बिघडावं म्हणून मी अक्षरशः धडपडत होतो. सगळं उघडलं. मराठीचा काही संबंध नव्हता. ते त्या दिवशी का गोठलं हे मला आजही सांगता येणार नाही. जुनं यंत्र, भरलेली डिस्क, काहीही असेल.

शेवटी मी, न जतन करता, ते सॉफ्टवेअर तसंच जबरदस्तीनं बंद केलं आणि उघडलं. तीच चौकट आली. तीन वर्षांनी मी त्या दोन ओळी वाचल्या. मागचं काम नीट बंद झालेलं नाही, ते परत आणायचं का, एवढंच त्यात विचारलं होतं. मी 'हो' दाबलं. सगळं परत आलं. चित्रं आली, त्यांच्याखाली नावं आली, मराठीत, एकही काना इकडचा तिकडे न होता. बाहेर कोणीतरी रडायला लागलं होतं. मी तिथे किती वेळ बसलो होतो कोण जाणे, दशरथभाऊंनी आत येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा उठलो. त्यांना वाटलं, मी ताईसाठी रडतोय.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर मळ्यात गेलो आणि भाऊंना पहिल्यापासून सांगितलं. ते शेवंतीच्या वाफ्याशी उकिडवे बसून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "ती लय मनाला लावून घेयाची. म्हणायची, शिकल्याल्या माणसानं असं करायचं नाय व्हतं." भाऊ पुढे म्हणाले, "मला सांगून काय उपेग सुहासराव? मला कंप्युटरमधलं काय कळतंय. तिला सांगायचं व्हतं." मग उठले, घरात गेले आणि तिची फोन नंबरांची वही आणून माझ्या हातात दिली. तिनं ज्यांना फोन केले होते त्यांच्यापुढे बारीक टिकल्या होत्या.

त्या वहीतल्या टिकल्यांच्या क्रमानं मी आता फोन करतो आहे. संध्याकाळी, लोक शेतातून घरी आल्यावर, रोज दोन-तीन. मी सांगतो की मंदाताईंनी तुमच्याकडे जी माफी मागितली होती ती त्यांनी मागायला नको होती, चूक माझी होती. बरेचजण म्हणतात, कोणती चूक, आम्हाला तर आठवत बी नाय. ताई गेल्याचं ऐकून मात्र थांबतात. लासलगावकडच्या एका बाई म्हणाल्या, "अगंबाई, ताईंनी सांगितलं म्हून आमच्या सूनबाईनं मोबाईलमधली सगळी नावं इंग्रजीत केली. मला वाचता येत नाहीत, मी तिच्याकडूनच फोन लावून घेते." मी त्यांना म्हटलं, सूनबाईंना सांगा, परत मराठीत करा, काही होत नाही.

गेल्या आठवड्यात सोमनाथआबांचा नंबर आला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाल्याचंही ऐकू आलं. मग आबा म्हणाले, "ताई आम्हाला हर टायमाला एक गोष्ट इचारायच्या. तुम्ही याला काय म्हणता. आता मी तुम्हाला इचारतो. तुम्ही याला काय म्हणता?"

मी म्हटलं, "चूक झाली, आबा."

"ते पुस्तकातलं झालं," आबा म्हणाले. "घरी काय म्हणता ते सांगा."

ताईची पानांची चळत समोर टेबलावर होती. वरच्याच पानावर सात रेघा आहेत. मला तोंड उघडायला वेळ लागला, आणि आबा थांबले, ताई थांबायची तसे.

"खोटं," मी म्हटलं. "मी खोटं बोललो."

"मग तसंच लिवा," आबा म्हणाले. म्हणून हे लिहिलं.